योगशिक्षक व्हायचंय? आधी सराव पाठ किती ते विचारा

माझा २०० तासांचा कोर्स १० रविवारांत उरकला. रविवारचे सहा तास धरले तरी साठच भरतात. उरलेले १४० फॉर्मवर 'घरचा अभ्यास' म्हणून आधीच छापलेले होते, मी खाली सही ठोकली. फोटोत गळ्यात हार, हातात प्रमाणपत्र. कोणाला खटकणार?

परभणीत आमच्या भागातल्या समाजमंदिरात पहाटे साडेपाचचा वर्ग सुरू केला. (उन्हाळ्यात सातलाच पत्रे तापतात, दुसरी वेळ परवडतच नाही.) चौथ्या दिवशी माईकवरून माझं "जोरात, अजून जोरात" चाललेलं, कपालभाती. मागच्या रांगेतल्या एक काकू भिंतीला टेकल्या. "सर, डोळ्यापुढं अंधारी आली ओ." बीपीची गोळी चालू, त्यात येताना चहा-बिस्किटं खाल्लेली. मी विचारलंच नव्हतं. वर्गात घेण्याआधी बीपी, हर्निया, काचबिंदू, गरोदरपण, पोटाचं ऑपरेशन हे विचारायचं असतं, असं कोर्समध्ये कोणी बोललंही नव्हतं. पतंजलींची सूत्रं मात्र पाठ होती. पाणी आणून देण्यापलीकडे त्या दिवशी मला काही सुचलं नाही.

मग एका जुन्या शिक्षकांकडे वर्षभर जाऊन बसलो. पहिले दोन महिने त्यांनी तोंड उघडू दिलं नाही. फक्त बघायचं. पश्चिमोत्तानासनात कोण कमरेतून वाकतंय आणि कोण नुसतं कुबड काढून पायाचे अंगठे धरतंय. श्वास कुठं अडकतो. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला पहाटे आणखी पुढं वाकवायचं, की मागं वाकवणारं हलकं भुजंगासन द्यायचं? वज्रासनात गुडघा दुखत असेल तर मांडी आणि पोटरीच्या मध्ये चादरीची जाड घडी. योगाचार्य बी.के.एस. अय्यंगार गुरुजींनी पुण्यात पट्टे, दोर, ठोकळे, खुर्च्या वापरून हेच रुजवलं. आमच्याकडे ठोकळ्याच्या जागी फडक्यात गुंडाळलेली वीट असते, काम तेच.

आता कागदांचं. आयुष मंत्रालयाचं योग प्रमाणन मंडळ २०१८ पासून आहे. त्याच्या पायऱ्या अशा: प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर २०० तासांचा, वेलनेस इन्स्ट्रक्टर ४०० तासांचा, टीचर अँड इव्हॅल्युएटर ८०० तासांचा. लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक दोन्ही होतं, म्हणून या कागदाला वजन आहे. 'योग अलायन्स'ची जाहिरात दिसली तर एवढं लक्षात घ्या: ती अमेरिकेतली संस्था आहे, योग शिकवणाऱ्या शाळांची नोंदणी करते, तुमची परीक्षा ती घेत नाही, शाळाच घेते. शाळा जशी, तसा कागद. मुक्त विद्यापीठाची योगशिक्षक पदविका नोकरी सांभाळून करता येते. लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था १९२४ पासूनची. तिथं राहून शिकणं जमलं तर जाच, पण घरची शेती टाकून जाणं प्रत्येकाला जमत नाही, हे मलाही कळतं.

प्रवेश घेताना फी नंतर विचारा, आधी हे विचारा: मी खऱ्या वर्गापुढं किती सराव पाठ घेणार, आणि मागं बसून माझ्या चुका कोण लिहून घेणार? "व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवा" असं उत्तर आलं की उठा. बी.एड.ला पाठाची वही तपासल्याशिवाय पोरांसमोर उभं करत नाहीत. इथं माणसाची मान वळवायची असते.

पैशाची घाई करू नका. पहिल्या वर्षी माझा खर्च सतरंज्या आणि पेट्रोलपुरताच निघाला. २१ जूनला, योगदिनाला, चार ठिकाणांहून फोन येतात, शाल-नारळ मिळतो, २२ जूनला सतरंजीवर पुन्हा तीच बारा माणसं.

त्या काकू अजून येतात. खुर्चीवर बसतात, कपालभाती बंद, सावकाश अनुलोम-विलोम. चप्पल काढता काढताच दारातून ओरडतात, "सर, आज चहा घेतला नाही बरं का!"