संकेतस्थळावर किती वाचक येतात, हे विनाखर्च कसे मोजावे

वैयक्तिक संकेतस्थळावर किती लोक येतात, हा आकडा मिळवणे सोपे आहे. त्यातले खरे वाचक किती, हे ओळखणे तेवढे सोपे नाही.

सुरुवात गूगल ॲनालिटिक्स या गूगलच्या मोफत मोजणी-सेवेपासून करावी. खाते उघडून प्रॉपर्टी (म्हणजे त्यात आपल्या संकेतस्थळाची नोंद) तयार करताना टाइम झोन भारताचाच निवडावा, अन्यथा अहवालातली तारीख आपल्या मध्यरात्री बदलत नाही आणि रात्री टाकलेल्या लेखाचे वाचक भलत्याच दिवसाच्या खाती जमा होतात. नंतर तिथल्याच ‘वेब डेटा स्ट्रीम’ या विभागात मिळणारा कोड प्रत्येक पानाच्या एचटीएमएलमधल्या हेड भागात टाकावा. वर्डप्रेस वापरणाऱ्यांना ‘साइट किट’ हे मोफत प्लगइन पुरते. ‘यूए’ने सुरू होणारा क्रमांक वापरायला सांगणारी जुनी माहिती बाजूला ठेवावी, कारण तो क्रमांक ‘युनिव्हर्सल ॲनालिटिक्स’ या जुन्या आवृत्तीचा आहे आणि तिच्यात १ जुलै २०२३ पासून नवी नोंद होत नाही. कोड बसल्यावर मोबाइलवरून आपलेच पान उघडून ‘रिअलटाइम’ अहवाल पाहावा. त्यात गेल्या ३० मिनिटांतली ये-जा दिसते. बाकीच्या अहवालांना मात्र एक-दोन दिवस द्यावे लागतात.

आता स्वतःला वगळायचे. माझ्या संकेतस्थळाचा सर्वांत निष्ठावंत वाचक मीच होतो, हे मला बऱ्याच उशिरा कळले. एकेक ऱ्हस्व-दीर्घ सुधारून पान पुन्हा उघडायचे, की भेट वाढलीच! आयपी पत्त्यावरून स्वतःची भेट गाळता येते, परंतु घरच्या ब्रॉडबँडचा पत्ता बहुधा बदलत राहतो, म्हणून संगणकाच्या ब्राउझरमध्ये आपली भेट ॲनालिटिक्सला मोजू न देणारे गूगलचे ऑप्ट-आउट ॲड-ऑन बसवणे मला अधिक भरवशाचे वाटते.

व्हॉट्सॲपच्या गटात दिलेल्या दुव्यावरून आलेले वाचक बहुधा ‘डायरेक्ट’ या रकान्यात जातात, कारण ते कुठून आले हे ब्राउझर सांगत नाही. त्यावर उपाय म्हणजे ‘कॅम्पेन यूआरएल बिल्डर’ या मोफत पानावर दुव्याला यूटीएमची, म्हणजे वाचक कुठून आला हे सांगणाऱ्या खुणांची, शेपटी जोडून, सोर्स म्हणून व्हॉट्सॲप लिहून, तोच दुवा गटात पाठवणे.

लोक काय शोधत आले, हे गूगल सर्च कन्सोल ही गूगलची दुसरी मोफत सेवा दाखवते आणि तिथे १६ महिन्यांपर्यंतची माहिती पाहता येते. मी आकड्यांपेक्षा हीच यादी अधिक वाचतो. विदा आपल्याच सर्व्हरवर ठेवायची असेल, तर ॲनालिटिक्ससारखेच काम करणारे माटोमो मोफत आहे. त्याला सर्व्हरवर पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस लागतो.

अनेक होस्टिंग सेवांच्या सीपॅनल या व्यवस्थापन-पानात एडब्ल्यूस्टॅट्स हे मोजणीचे साधनही असते. ते सर्व्हरच्या नोंदवह्या वाचते आणि त्यांत माणसांबरोबर आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामांच्या (बॉटच्या) भेटीही असतात, त्यामुळे त्याचा आकडा ॲनालिटिक्सपेक्षा बराच मोठा दिसतो. त्यावर हुरळून जाण्यापूर्वी मूळ नोंदवही उघडून पाहावी. माझ्या संकेतस्थळावर वर्डप्रेस कधीच नव्हते, तरीही तिच्यात वर्डप्रेसच्या लॉगिन पानाची मागणी पुन्हा पुन्हा नोंदलेली होती, आणि प्रत्येक ओळीत उत्तर एकच होते : ४०४, म्हणजे ‘असे पान नाही’.