बालनबर्गला जाताय? एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर

इंटरलाकेनला मुक्काम असेल तर एक दिवस बालनबर्गसाठी काढा. स्वित्झर्लंडच्या निरनिराळ्या भागांतली शंभरावर जुनी घरं, गोठे, कोठारं सुटी करून इथे पुन्हा उभारली आहेत. १९७८ पासून हे संग्रहालय लोकांना खुलं आहे.

आवार ६६ हेक्टरचं आहे, म्हणजे तंगडतोड ठरलेली. ब्रिएन्झ स्टेशनवरून बस पकडून पश्चिमेच्या दाराने आत शिरा आणि पूर्वेच्या दाराने बाहेर पडा. तिथूनही बस मिळते, आल्या वाटेने परतायला नको. सगळी घरं बघायचा हट्ट मात्र सोडा. त्यापेक्षा धुराडं नसलेल्या एखाद्या स्वयंपाकघरात पाच मिनिटं थांबा. भिंती काजळीने काळ्याकुट्ट, वर धुरात टांगलेलं मांस; कपड्यांना वास लागतो, लागू दे. वालिस भागातलं लाकडी कोठार बाहेरून वाकून बघा: खांबांवर रुंद दगडी चकत्या आणि त्यावर कोठार, म्हणजे उंदीर चकतीखालीच अडतो. आपल्या कणगीला असं काही असतं तर!

हिवाळ्यात जाऊ नका, संग्रहालय साधारण एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंतच उघडं असतं.