जुना राउटर-स्विच घेताना लायसन्स कसं तपासायचं

वाळूज किंवा शेंद्र्यातल्या कंपनीने नेटवर्क बदललं की जुना माल लॉटमध्ये निघतो. भंगारवाल्याकडून तो दुकानात येतो आणि तिथून लातूर-नांदेडला सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंग परीक्षा) करणाऱ्या पोरांच्या टेबलावर. या प्रवासात डब्याची मालकी बदलते, आतल्या सॉफ्टवेअरचा हक्क मात्र बहुतेक वेळा पहिल्या ग्राहकाच्याच नावावर राहतो. म्हणून भाव करण्याआधी एकच गोष्ट काढून घ्या: या मशीनचं लायसन्स हार्डवेअरला बांधलेलं आहे, फाइलवर आहे, की कुणाच्या ऑनलाइन खात्यात अडकलंय?

विकणाऱ्याला मशीन चालू करून कन्सोलवरचे, म्हणजे कमांड देण्याच्या स्क्रीनचे, फोटो पाठवायला सांगा. सिस्को असेल तर ‘शो व्हर्जन’, ‘शो लायसन्स’ आणि ‘शो लायसन्स यूडीआय’ या तीन कमांडचं आउटपुट, आणि मागच्या स्टिकरचा फोटो. जुन्या २९६० सारख्या स्विचवर शेवटच्या दोन कमांड नसतात, तिथे ‘शो व्हर्जन’वर भागतं. आउटपुटमधला आणि स्टिकरवरचा सिरियल नंबर जुळलाच पाहिजे, कारण एकाच मशीनचा स्क्रीनशॉट दहा गिऱ्हाइकांना पाठवणारे असतात. ‘पासवर्ड माहीत नाही, तुम्ही रिसेट करून घ्या’ असं उत्तर आलं तर लायसन्स तपासलेलंच नाही असं धरून भाव पाडा.

ज्याला हातच लावू नये

सिस्कोचं मेराकी. दिसायला देखणं, भावाने स्वस्त, आणि स्वस्त असण्याचं कारण हेच, की ते पूर्णपणे क्लाउड डॅशबोर्डवर चालतं. लायसन्स संपल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते, मग काम बंद. शिवाय आधीच्या कंपनीने आपल्या डॅशबोर्डमधून सिरियल नंबर काढला नसेल, तर तुम्हाला तो स्वतःच्या खात्यात जोडताच येत नाही. रिसेटचं बटण कितीही दाबा, अडसर मशीनमध्ये नसतोच. घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याने नंबर मोकळा केल्यावर, तुमच्या खात्यात तो जोडला गेलेला पाहून मगच पैसे द्या. त्यानंतरही लायसन्सचा खर्च वेगळा.

सिस्को: मॉडेलच्या शेवटचं अक्षर वाचा

२९६० मालिकेत २४टीसी-एल म्हणजे लॅन बेस (जास्त फीचर्स) आणि २४टीसी-एस म्हणजे लॅन लाइट (कमी फीचर्स). हा फरक हार्डवेअरमध्येच ठरलेला असतो. लाइटचं बेस करता येत नाही. सरावासाठी बेसच घ्या. त्यावर १२.२(५५)एसई किंवा त्यापुढचं आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम) असेल तर ‘एसडीएम प्रिफर लॅनबेस-राउटिंग’ देऊन रीलोड केल्यावर १६ स्टॅटिक (हाताने दिलेल्या) रूटपर्यंत राउटिंग होतं. दोन व्हीलॅनमधल्या (एकाच स्विचवरच्या वेगवेगळ्या नेटवर्कमधल्या) राउटिंगच्या सरावाला तेवढं पुरतं.

३५६०-एक्स आणि ३७५०-एक्समध्ये तेच ‘एस’ अक्षर आयपी बेस सांगतं, ‘एल’ त्याखालचं लॅन बेस आणि ‘ई’ सगळ्यात वरचं आयपी सर्व्हिसेस. इथे फसगत होते: २९६०चा नियम लावून लोक ‘एल’ला वरचढ समजतात आणि ओएसपीएफची (राउटर आपसात रूट शिकतात त्या पद्धतीची) कमांड नाकारली गेली की मशीन खराब म्हणून भांडतात. आणखी एक, अक्षर फक्त कारखान्यातून निघतानाची पातळी सांगतं. नंतर लायसन्स वाढवलेलं असू शकतं, म्हणून ‘शो लायसन्स’ हवंच. या मालिकेतली लायसन्स फाइल यूडीआयला, म्हणजे मॉडेल आणि सिरियलच्या जोडीला बांधलेली असते. ‘सोबत लाइफटाइम लायसन्सची फाइल देतो’ असं कुणी म्हणालं आणि ती दुसऱ्या मशीनची निघाली, तर तुमचा स्विच ती घेणार नाही.

१९४१, २९११ हे राउटर वेगळ्या वळणाचे. एकाच युनिव्हर्सल इमेजमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या एकाच फाइलमध्ये, सगळी फीचर्स असतात, आयपी बेस उघडं आणि सिक्युरिटी, डेटा, व्हॉइस बंद. आयओएस १५ मध्ये करार स्वीकारून ‘लायसन्स बूट मॉड्यूल’ कमांडने सिक्युरिटी पॅकेज चालू केलं, सेव्ह केलं आणि रीलोड केलं की ६० दिवसांची चाचणी सुरू होते. मुदत संपल्यावरही फीचर बंद पडत नाही, ‘राइट टू यूज’ म्हणून चालूच राहतं. मशीन अडवत नाही म्हणजे हक्क मिळाला असं मात्र नाही. कराराप्रमाणे ते पॅकेज विकत घ्यावं लागतं. ३६५० आणि ३८५० स्विचही असेच विश्वासावर चालतात.

४३३१ घेणाऱ्यांनी वेग बघावा. मूळ लायसन्सवर तो १०० एमबीपीएसला बांधलेला असतो, परफॉर्मन्स लायसन्सवर ३००. घरी २०० एमबीपीएसचं फायबर असून १०० च मिळत असेल तर दोष केबलवाल्याचा नसतो.

९२००, ९३०० स्विच घेताना नेटवर्क इसेन्शियल्स किंवा अ‍ॅडव्हांटेज हा भाग कायमचा असतो आणि डीएनए हा वरचा सबस्क्रिप्शनचा भाग मुदतीचा. डीएनए संपलेलं असलं तरी मूळ स्विचिंग-राउटिंग चालतं. त्याच्या नावाने जास्त पैसे देऊ नका.

मायक्रोटिक: आपल्याकडचा सगळ्यात सोपा सौदा

गावोगावच्या वायरलेस इंटरनेटवाल्यांकडे फायबर आलं की छतावरच्या एसएक्सटी आणि एलएचजी या अँटेना उतरतात. राउटरबोर्डचं, म्हणजे मायक्रोटिकच्या स्वतःच्या मशीनचं, लायसन्स त्या हार्डवेअरलाच जोडलेलं असतं आणि ते कधी संपत नाही. नेटइन्स्टॉल या मायक्रोटिकच्या टूलने पूर्ण पुसून नव्याने टाकलं तरी टिकतं. फर्मवेअर चढवताना मधेच लाइट गेली तरी याच वाटेने मशीन परत उभं राहतं, पण तरी यूपीएसवरच चढवा.

फक्त लायसन्सची पातळी बघा: टर्मिनलमध्ये ‘सिस्टिम लायसन्स प्रिंट’. छतावरच्या क्लायंट अँटेना सहसा पातळी ३ च्या असतात. त्या दुसऱ्या टॉवरला जोडायला चालतात, पण अ‍ॅक्सेस पॉइंट करून चार-पाच जणांना जोडायला पातळी ४ लागते. राउटिंगच्या सरावाला ३ सुद्धा पुरते.

दोन अडचणी मात्र येतात. आधीच्या मालकाने ‘प्रोटेक्टेड राउटरबूट’ चालू ठेवलं असेल तर नेहमीचं रिसेट चालत नाही. म्हणून लॉगिन करून देणाऱ्याकडूनच घ्या आणि ‘सिस्टिम राउटरबोर्ड सेटिंग्ज प्रिंट’मध्ये ते बंद असल्याचं पाहा. दुसरं, नव्या मॉडेलांचा मूळ पासवर्ड स्टिकरवर छापलेला असतो. ऊन-पावसात स्टिकर गेलं असेल तर रिसेटनंतर तुम्ही बाहेर. जुन्या पीसीवर टाकलेल्या राउटरओएसची (मायक्रोटिकच्या ऑपरेटिंग सिस्टिमची) गोष्ट वेगळी: तिथे लायसन्स हार्डडिस्कला बांधलेलं असतं, आणि दुसऱ्या कुठल्या टूलने डिस्क फॉरमॅट केली की ते जाऊ शकतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. फोर्टिगेट सबस्क्रिप्शनशिवाय साधी फायरवॉल आणि व्हीपीएन म्हणून चालतो, अँटिव्हायरस आणि आयपीएसचे (घुसखोरी रोखणाऱ्या यंत्रणेचे) अपडेट थांबतात. नोंदणी आधीच्या खात्यात असते, ती हलवायला जुन्या मालकाचं सहकार्य लागतं. अरुबाच्या इन्स्टंट एपीला (वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंटला) लायसन्स लागत नाही, कंट्रोलरवर चालणाऱ्या एपीला प्रत्येकी लागतं. रकसचा आर५१० किंवा आर६१० एपी मिळाला तर कंट्रोलरशिवाय चालणारं अनलीश्ड फर्मवेअर टाका, लायसन्सचा प्रश्नच मिटतो. ब्रोकेडचा आयसीएक्स ६६१० स्विच स्वस्तात मिळतो, पण समोरचे १० गिगाबिट पोर्ट लायसन्सशिवाय त्या वेगाने चालत नाहीत.

फर्मवेअर कुठून आणायचं

सिस्कोची बहुतेक फर्मवेअर सपोर्ट करार असलेल्या खात्यातूनच उतरवता येतात. म्हणून मशीनमध्ये आहे ती इमेज सगळ्यात आधी टीएफटीपीने (फाइल हलवण्याची साधी पद्धत) लॅपटॉपवर घ्या आणि मगच प्रयोग करा. टेलिग्रामवरच्या इमेज आणि की-जनरेटरच्या नादी लागू नका. आत कुणी काय घुसवलंय हे तुम्हाला दिसत नाही. शिवाय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ब प्रमाणे सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं.

माल हातात आल्यावर

यूएसबी-सिरियल कन्सोल केबल लावा. सिस्कोला ९६०० बॉड. कन्सोल पोर्ट असलेल्या मायक्रोटिकला ११५२००. जुनी कॉन्फिगरेशन पुसण्याआधी लायसन्सचं आउटपुट परत काढून फोटोशी ताडा. ३५६०-एक्ससारख्या स्विचवर ‘लायसन्स सेव्ह’ देऊन फाइल फ्लॅशमध्ये आणि तिथून लॅपटॉपवर ठेवा. मग ‘राइट इरेज’, ‘डिलीट व्हीलॅन डॉट डॅट’ आणि रीलोड. बिलावर मॉडेल, सिरियल नंबर आणि दिसलेली लायसन्स पातळी लिहून घ्या. दुकानदार नुसतं ‘जुना स्विच, १ नग’ लिहीत असेल तर निदान सिरियल नंबरवर अडून बसा. उद्या ते मशीन चोरीचं निघालं तर तुमच्या हातात दाखवायला तेवढाच कागद असतो.