वॉकी-टॉकीवरचं बोलणं चोरून ऐकलं जाऊ नये म्हणून या चुका टाळा

मेन्यूत 'प्रायव्हसी कोड' दिसतो, आपण नंबर टाकतो आणि निर्धास्त होतो. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. हा कोड म्हणजे बहुतेक वेळा 67 ते 254.1 हर्ट्झमधला एक बारीक सूर. तो आला की तुमच्या सेटचा स्पीकर उघडतो, नाहीतर गप्प राहतो. दुसऱ्यांची बडबड तुमच्यापर्यंत येत नाही, एवढंच. तुमची मात्र सगळ्यांपर्यंत जाते! खात्री करायची तर दोन सेट घ्या. एकावर कोड लावा, दुसऱ्यावर तोच चॅनल ठेवून कोड बंद करा आणि बोलून बघा. शब्दन् शब्द ऐकू येईल. या सोयीला 'प्रायव्हसी' म्हणणं मला तरी पटत नाही.

"आमचे सेट डिजिटल आहेत, कोण ऐकणार?" हेही नेहमीचंच. डीएमआर या डिजिटल वॉकी-टॉकींच्या प्रचलित पद्धतीतलं साधं बोलणं एक स्वस्त एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला जोडायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि फुकटचं सॉफ्टवेअर यांनी उलगडतं. त्यातला 'कलर कोड' नावाचा नंबर हे कुलूप नव्हे, तो जवळच्या रिपीटरशी (सिग्नल पुढे पाठवणाऱ्या यंत्राशी) गल्लत होऊ नये म्हणून असतो. एन्क्रिप्शन, म्हणजे गुप्त आकड्याच्या 'किल्ली'ने बोलणं कुलूपबंद करणं, वेगळं चालू करावं लागतं. त्यातही 'बेसिक' प्रकार घेऊ नका, 256 बिटांचं एईएस (एन्क्रिप्शनची भक्कम पद्धत) बघा. नुसत्या बिटांच्या आकड्यावरही जाऊ नका: टेट्रा या पोलिसांसारख्या यंत्रणांच्या रेडिओ प्रणालीतल्या टीईए1 या एन्क्रिप्शनची 80 बिटांची किल्ली आतल्या आत 32 बिटांवर आणलेली होती, हे 2023 मध्ये संशोधकांनी उघड केलं.

एन्क्रिप्शन आहे, तरी बोलणं फुटतंय? आधी बटण बघा. कुणाचा सेट चुकून उघड्या मोडवर गेला, तरी बाकीच्यांना त्याचं बोलणं नेहमीसारखंच ऐकू येतं, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. अमेरिकेतल्या सरकारी यंत्रणांच्या पी25 (तिथली डिजिटल रेडिओ पद्धत) सेटवरही हेच होत असल्याचं पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांना 2011 मध्ये आढळलं. उपाय सोपा आहे. एक सेट मुद्दाम किल्ली न भरता चालू ठेवा. त्यावर बोलणं कळायला लागलं की समजा, कुणीतरी उघड्यावर बोलतंय. शक्य असेल तर प्रोग्रॅमिंगमध्येच त्या चॅनलवर एन्क्रिप्शन सक्तीचं करून टाका, म्हणजे बटणाचा प्रश्नच मिटतो.

सेट हरवला तर त्याच दिवशी सगळ्यांच्या किल्ल्या बदला. आणि शब्द झाकले तरी तुम्ही कुठून बोलताय, हे दिशादर्शक अँटेनाने शोधता येतं. लांबलचक बोलणाऱ्याला तर फारच लवकर.