कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट अचानक बदलला तर आधी काय तपासायचं

मागच्या वर्षी ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १४०, यंदा २९०. जेवण तेच, गोळी तीच, वजनही तेवढंच. असा रिपोर्ट हातात पडला की कोणी त्याच दिवशी नारळ बंद करतं, कोणी मेडिकलमधून जास्त पॉवरची गोळी आणतं, तर कोणी लॅबलाच दोष देतं. यातलं काहीही करण्याआधी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवा आणि खाली दिलेल्या क्रमाने पाहत जा. बरेचसे धक्के पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच उलगडतात. जे उरतात, त्यांच्यामागे मात्र खरंच काही तरी असतं आणि ते शोधायला हवं.

पहिली गोष्ट कागदावरच. एकक पाहा. आपल्याकडच्या लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आकडे देतात, पण आखातातल्या नोकरीच्या किंवा जहाजावरच्या मेडिकलचा रिपोर्ट बहुधा मिलीमोल प्रति लिटरमध्ये असतो. रत्नागिरी-रायगडात अशी घरं भरपूर, म्हणून हे आधी सांगितलं. मिलीमोलमधल्या कोलेस्टेरॉलला (एकूण, एलडीएल म्हणजे ‘वाईट’, एचडीएल म्हणजे ‘चांगलं’, तिन्ही) ३८.६७ ने गुणायचं आणि ट्रायग्लिसराइडला ८८.५७ ने. म्हणजे तिकडचं ५.१ कोलेस्टेरॉल हे आपलं १९७, आणि १.६ ट्रायग्लिसराइड म्हणजे १४२. दोन्हींना एकच गुणक लावला तर सगळा हिशोब चुकतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रिपोर्टमधला एलडीएल अनेकदा मोजलेला नसतोच, तो वजाबाकी करून काढलेला असतो. लॅब तीन गोष्टी मोजते: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड. ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून व्हीएलडीएल (ट्रायग्लिसराइड वाहणाऱ्या कणांतलं कोलेस्टेरॉल) धरतात, आणि एकूणमधून एचडीएल व व्हीएलडीएल वजा केले की उरतो तो एलडीएल. हे १९७२ सालचं फ्रीडवाल्डचं सूत्र. आता हे दोन रिपोर्ट पाहा:

मागचा: एकूण १९८, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १४०. व्हीएलडीएल २८. एलडीएल १२८.
आताचा: एकूण २०४, एचडीएल ४०, ट्रायग्लिसराइड २९०. व्हीएलडीएल ५८. एलडीएल १०६.

एलडीएल २२ ने उतरला म्हणून माणूस खूश होतो. पण तो रक्तात तेवढा उतरला असेलच असं नाही. ट्रायग्लिसराइड चढल्यामुळे वजाबाकीत जास्त रक्कम गेली, एवढंच. अशा वेळी एकूणमधून फक्त एचडीएल वजा करा. हा झाला नॉन-एचडीएल. मागे १९८ वजा ४२, म्हणजे १५६. आता २०४ वजा ४०, म्हणजे १६४. म्हणजे रक्तवाहिन्यांना त्रास देणारं कोलेस्टेरॉल कमी झालेलं नाहीच. हा आकडा जेवणाने फारसा हलत नाही आणि सूत्राच्या चुकीतही सापडत नाही, म्हणून दोन रिपोर्टची तुलना करताना आधी तो काढावा असं आम्ही आग्रहाने सांगू. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेले तर हे सूत्र वापरायचंच नसतं. तेव्हा डायरेक्ट एलडीएल करायला सांगा. व्हीएलडीएल वाढला म्हणून वेगळी काळजी नको, तो ट्रायग्लिसराइडचाच पाचवा भाग आहे.

किती फरक म्हणजे खरा फरक?

एकाच माणसाचं रक्त दोन आठवड्यांच्या अंतराने तपासलं तरी आकडे जुळत नाहीत, आणि त्यात कोणाची चूक नसते. शरीरातच एकूण कोलेस्टेरॉल ५ ते ६ टक्के, एलडीएल ८ टक्क्यांच्या आसपास आणि ट्रायग्लिसराइड २० टक्के किंवा त्याहून जास्त इकडेतिकडे होतात. त्यात लॅबच्या यंत्राचा थोडा फरक मिळतो. म्हणून एलडीएल १३० चा १४५ झाला तर एवढ्यावरून काही ठरवू नका. १३० चा १७५ झाला तर थांबून पाहायला हवं. ट्रायग्लिसराइड १५० चे १९० होणं रोजचंच आहे, पण दुप्पट झाले तर कारण शोधा. लॅब बदलली असेल तर आणखी थोडी सूट धरा. पुढची तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये, एनएबीएल (लॅबचा दर्जा तपासणारी संस्था) मान्यता असलेली मिळाली तर उत्तम.

रक्त दिलं त्या सकाळी काय घडलं होतं

ट्रायग्लिसराइडचा मोठा घोळ इथे होतो. जेवल्यावर ते सरासरी २५-३० ने वाढतात, आणि मधुमेह किंवा पोटाचा घेर असलेल्या माणसात त्याहून बरेच. एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल मात्र जेवणाने जेमतेम आठ-दहाने खाली येतात. म्हणून नुसता कोलेस्टेरॉलचा अंदाज घ्यायला उपास लागत नाही, पण ट्रायग्लिसराइड अनपेक्षित आले असतील तर पुढची चाचणी उपाशीपोटीच करायची. उपास १२ तासांचा. रात्री आठला जेवलात तर सकाळी आठला रक्त द्या. मध्ये साधं पाणी हवं तेवढं. दूध-साखरेचा चहा घेतला की उपास मोडला, मग तो अर्धा कप का असेना.

वाडीवरून पहिली एस.टी. पकडून तालुक्याला पोचेपर्यंत अकरा वाजतात आणि उपास पंधरा तासांवर जातो. तसं होणार असेल तर आदल्या रात्री उशिरा जेवा, उपास लांबवू नका. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे आधी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. रिकाम्या पोटी गोळी घेऊन प्रवासात साखर खाली गेली तर चाचणी राहील बाजूला आणि जिवावर बेतेल.

लॅबमध्ये पोचलात की १५ मिनिटं शांत बसा. घाटी चढून आल्या आल्या हात पुढे करू नका. उभं राहिल्यावर रक्तातलं पाणी थोडं बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं आणि आकडे वाढतात. आडवं पडून आणि उभं राहून दिलेल्या रक्तात ५ ते १० टक्क्यांचा फरक पडू शकतो. दंडाला बांधलेला पट्टा शीर सापडेना म्हणून मिनिट-दोन मिनिटं तसाच राहिला तरी हाच परिणाम होतो. शीर मिळाली नाही तर पट्टा सोडून पुन्हा बांधायला सांगायला संकोच करू नका.

दारूचं स्पष्ट बोलू. माडी, ताडी, बिअर, व्हिस्की, काहीही असो, दारू ट्रायग्लिसराइड वाढवते आणि काही माणसांत खूपच वाढवते. चाचणीआधी निदान ७२ तास थेंबही नको. डॉक्टरांपासून ही गोष्ट लपवली तर तुम्हाला नको त्या गोळ्या सुरू होतील.

मागच्या महिन्या-दोन महिन्यांत काय बदललं

इथे एक नियम धरून चला: जे वर्षानुवर्षं तसंच आहे, ते अचानक बदलाचं कारण नसतं. घरात कायम नारळ वाटत असेल तर यंदाच्या उडीसाठी त्याला जबाबदार धरता येत नाही. बदललं काय, ते शोधा.

ट्रायग्लिसराइडसाठी साखर आणि पिष्ट पदार्थ पाहायचे. एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या घरात येतात. एका मध्यम आंब्यातून दीडशे ग्रॅम गर निघाला तरी त्यात सुमारे २० ग्रॅम साखर. दिवसाला पाच आंबे म्हणजे शंभर ग्रॅम, वरून आमरसात घातलेली साखर वेगळी. मेअखेरच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड चढलेले दिसले तर त्यात आश्चर्य नाही. गणपतीतले मोदक आणि खापरोळ्या, दिवाळीचा फराळ यांचंही तेच. उलट श्रावण पाळणाऱ्यांची दारू महिनाभर बंद असते, त्यामुळे श्रावणाच्या शेवटी केलेली चाचणी नेहमीपेक्षा चांगली येऊ शकते. मेचा रिपोर्ट श्रावणातल्या रिपोर्टशी ताडून निष्कर्ष काढू नका.

एलडीएलसाठी संपृक्त चरबी (तूप, लोणी, खोबरं यांतली) पाहायची. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम चरबी असते, त्यातली ३० ग्रॅमच्या आसपास संपृक्त. चार माणसांच्या घरात रोज एका नारळाचं अडीचशे ग्रॅम खोबरं लागत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला १८-१९ ग्रॅम संपृक्त चरबी जाते. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाची संपृक्त चरबीची मर्यादा २२ ग्रॅमच्या जवळपास धरतात. त्यात दूध, तूप, मटण यांना फार जागा उरत नाही. रस काढून चोथा टाकला की चरबी गेली, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे, चरबी बहुतेक रसातच उतरते. घट्ट रस घालून केलेली सोलकढी पातळ रसाच्या सोलकढीपेक्षा जड, ती याचमुळे. आणि मोबाइलवरचा मेसेज वाचून कोणी मागच्या तीन महिन्यांत फोडणीचं शेंगदाण्याचं तेल बदलून खोबरेल सुरू केलं असेल, तर एलडीएल वाढण्याचं ते ठळक कारण आहे. भात-भाकरी सोडून लोणी-तूप-मटणावर चालणारं डाएट सुरू केलं तर काही जणांत ट्रायग्लिसराइड छान उतरतात आणि एलडीएल भलताच चढतो. वजन झपाट्याने उतरत असताना आकडे तात्पुरते वेडेवाकडे येतात. वजन महिनाभर स्थिर राहू द्या, मग तपासा.

माशांबद्दल लोक नेहमी विचारतात. बांगडा आणि तारली यांतलं ओमेगा-३ ट्रायग्लिसराइड उतरवायला मदत करतं, पण औषध म्हणून त्याची मात्रा दिवसाला २ ते ४ ग्रॅम असते. ताटातल्या एका बांगड्यातून तेवढं मिळत नाही. जून-जुलैत मासेमारी बंद असताना मासे सुटले म्हणून ट्रायग्लिसराइड दुप्पट झाले, असं होणार नाही. कोळंबीत कोलेस्टेरॉल जास्त असलं तरी रक्तातल्या एलडीएलवर संपृक्त चरबीचा प्रभाव त्याहून मोठा असतो.

आजारपण विसरू नका. पावसाळ्यात लेप्टो, डेंगी, मलेरिया होऊन गेला असेल तर त्या काळात एलडीएल आणि एचडीएल घसरतात, ट्रायग्लिसराइड चढू शकतात. तापात आलेला ७५ चा एलडीएल पाहून गोळी बंद करणं ही मोठी चूक. साध्या तापानंतर दोन-तीन आठवडे, मोठ्या आजारानंतर किंवा ऑपरेशननंतर दोन-तीन महिने थांबून चाचणी करा. गरोदरपणात कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही वाढतातच, शेवटच्या तिमाहीत ट्रायग्लिसराइड दोन-तीन पट होतात. पाळी जाण्याच्या वयात एलडीएल वाढून तो वरच राहतो, त्याकडे लक्ष द्यायला हवं.

गोळ्यांची स्ट्रिप समोर घ्या

स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) घेणाऱ्याचा एलडीएल अचानक वर गेला तर पहिला प्रश्न गोळी चुकली का, हाच. स्ट्रिपवरची तारीख पाहा, उरलेल्या गोळ्या मोजा. दोन-चार आठवडे गोळी सुटली की एलडीएल जवळपास मूळ जागी येतो. मग नाव आणि मिलिग्रॅम पाहा. दुकानात नेहमीचा ब्रँड नव्हता म्हणून दुसरा दिला आणि २० ऐवजी १० ची गोळी आली, असं होतं. पण लक्षात ठेवा, डोस दुप्पट केल्याने एलडीएल आणखी फक्त ६ टक्के उतरतो. त्यामुळे २० ची १० झाली तर थोडाच फरक पडेल. ९० चा १६० झाला असेल तर गोळी पोटात जातच नव्हती, किंवा कारण वेगळं आहे.

प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, ओलांझापिनसारखी मानसोपचाराची औषधं, रक्तदाबाच्या काही जुन्या गोळ्या, इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांनीही आकडे हलतात. त्या स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना यादी दाखवा. जिमला जाणाऱ्या तरुणाचा एचडीएल एकदम १५-२० पर्यंत खाली आला तर शरीर बनवण्याची इंजेक्शनं घेतोय का, हे त्याला प्रेमाने पण थेट विचारा.

हे सगळं पाहूनही उत्तर मिळालं नाही, तर पुन्हा केलेल्या लिपिड प्रोफाइलसोबत चार तपासण्या करून घ्या: टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीएवनसी (मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेसाठी), लघवीतलं प्रोटीन व क्रिएटिनिन, आणि लिव्हरची एसजीपीटी व अल्कलाइन फॉस्फेटेज. थायरॉइड मंदावला की एलडीएल चढतो. उपचाराने थायरॉइड जागेवर आला की पुष्कळदा कोलेस्टेरॉल आपोआप उतरतं. शिवाय थायरॉइड मंद असताना स्टॅटिनने स्नायू दुखण्याची शक्यता वाढते, म्हणून डोस वाढवण्याआधी टीएसएच हवाच. साखर हाताबाहेर गेली की ट्रायग्लिसराइड चढतात. लघवीला फेस येतो, पायावर सूज आहे आणि कोलेस्टेरॉल ३०० च्या वर आहे, तर मूत्रपिंडातून प्रोटीन जातंय का ते पाहायचं.

थांबायचं नाही असे दोन प्रसंग

ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेले तर दोन महिने वाट पाहायची नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. १००० च्या वर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा असतो. अशा रक्ताची नळी पाहिली तर वरचा सीरम (रक्तातला पातळ भाग) पिवळसर पारदर्शक नसतो, नारळाच्या दुधासारखा पांढुरका असतो. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला तर वर सायीसारखा थर येतो. रिपोर्टवर ‘लायपेमिक’ असा शेरा असेल तर तो याचाच. अशा नमुन्यात सोडियमही खोटं कमी दिसू शकतं. बेंबीच्या वर जोरात दुखून कळ पाठीत जात असेल आणि उलट्या होत असतील, तर ॲसिडिटी समजून घरी थांबू नका. रुग्णालयात जा आणि आत जाताच ट्रायग्लिसराइडचा आकडा सांगा.

दुसरा प्रसंग म्हणजे औषधाशिवाय एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त, आणि तो पुन्हा तपासूनही तसाच. थायरॉइड-मूत्रपिंड ठीक असतील तर हे घराण्यातून आलेलं असू शकतं. घरात कोणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल तर शक्यता आणखी वाढते. मग एकट्याची चाचणी पुरत नाही. भाऊ, बहिणी, मुलं, सगळ्यांची करायला हवी, मुलांचीसुद्धा, कारण त्यांच्यात हे लहानपणापासून असतं आणि वेळेत उपचार सुरू झाले तर हृदय वाचतं. मुंबई-पुण्याचे चाकरमानी गणपतीला घरी येतात तेव्हा सगळ्यांना एकत्र बसवून रिपोर्ट दाखवा. चाचणी मात्र त्यांनी मोदक खाऊन परत गेल्यावर, पंधरा दिवस रोजचं जेवण झालं की करावी.