कॅलरी मोजायला स्वस्तातला फिटनेस बँड घेताना

दुकानात जाण्याआधी एक साधा हिशोब मांडून ठेवा. सपाट रस्त्यावर चालताना दर किलोमीटरला आपल्या वजनाच्या आकड्याच्या साधारण निम्म्या कॅलरी खर्च होतात, धावताना जवळजवळ वजनाइतक्या. ७० किलोचा माणूस तासाभरात ५ किलोमीटर चालला, तर चालण्यापोटी गेल्या सुमारे १७५ कॅलरी. साठेक ग्रॅम पिठाची ज्वारीची एक भाकरी २०० च्या घरात जाते. म्हणजे तासभर चालूनही एका भाकरीची भरपाई होत नाही. त्याच फेरीला बँड ४०० दाखवत असेल आणि त्या भरवशावर तुम्ही दोन भाकरी जास्त खात असाल, तर वजन उतरायच्या ऐवजी चढेल.

यात एक गोम आहे. तो तास तुम्ही ओट्यावर नुसते बसून काढला असता, तरी शरीराने ७० च्या आसपास कॅलरी वापरल्याच असत्या. काही बँड त्या धरून 'एकूण' आकडा दाखवतात, म्हणजे आपल्या उदाहरणात २४५. काही फक्त व्यायामाच्या, म्हणजे 'ॲक्टिव्ह' कॅलरी दाखवतात. दोन्ही आकडे वेगवेगळे दिसतील असाच बँड निवडा. एकच आकडा दाखवणाऱ्या बँडमध्ये तो कुठला हे शेवटपर्यंत कळत नाही, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

महागड्या घड्याळांनाही कॅलरी नेमक्या मोजता येत नाहीत. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० जणांच्या मनगटावर सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके सातपैकी सहांनी ५ टक्क्यांच्या आत बरोबर दाखवले. कॅलरीत मात्र सगळ्यात चांगल्या उपकरणाचीही सरासरी चूक २७ टक्के निघाली, सगळ्यात वाईटाची ९३ टक्के. कारण बँड कॅलरी मोजत नाही, अंदाज बांधतो. हिरवा दिवा कातडीवर प्रकाश टाकतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो, त्यावरून ठोके मोजले जातात. आतला दुसरा सेन्सर हाताची हालचाल टिपून पावलं मोजतो. ठोके, पावलं आणि तुम्ही भरलेलं वजन, उंची, वय यांतून कंपनीच्या सूत्राने कॅलरीचा आकडा निघतो. सूत्र आपल्या हातात नाही. ठोके आणि पावलं बरोबर पकडणारा बँड निवडणं आपल्या हातात आहे, म्हणून पैसे त्यासाठीच खर्च करा.

हजार-बाराशेच्या बँडवर खर्च करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यांत बहुतेक पैसा मोठ्या स्क्रीनवर आणि ब्लूटूथ कॉलिंगवर गेलेला असतो, ठोके पकडणारा सेन्सर कामचलाऊ असतो. अडीच ते पाच हजारांत नावाजलेल्या कंपन्यांचे साधे बँड मिळतात, ते या कामाला पुरे आहेत. फोन आधी बघा: सॅमसंगचा गॅलेक्सी फिट ३ फक्त अँड्रॉइडवर चालतो, आयफोनवर नाही. या किमतीत आतला जीपीएस, म्हणजे उपग्रहांवरून जागा आणि अंतर ओळखणारी सोय, क्वचितच मिळतो. फोन खिशात ठेवून चालत असाल तर बँड फोनचाच जीपीएस वापरतो, ते पुरतं. फोन घरी ठेवून धावायचं असेल तरच आतल्या जीपीएससाठी जास्त पैसे घाला. पोहणार असाल, विहिरीत का असेना, तर ५ एटीएम (पाण्याचा दाब सोसण्याची खूण) लिहिलेलं हवं. नुसतं आयपी६८ (धूळ-पाण्यापासून बचावाची खूण) पोहण्यासाठी नसतं.

'शुगर मोजतो' म्हणून कुणी बँड गळ्यात मारत असेल तर तिथून उठा. सुई न टोचता रक्तातली साखर मोजणाऱ्या कुठल्याही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला आहे. असा आकडा बघून आजी-आजोबांच्या इन्सुलिनचं प्रमाण बदललं तर जिवावर बेतू शकतं.

संभाजीनगरच्या गुलमंडीत घ्या, लातूरच्या गंजगोलाईत घ्या किंवा ऑनलाइन मागवा, परत करायची मुदत संपायच्या आत पुढच्या चाचण्या उरका. बँड मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला बांधा. हलवला तर सरकू नये आणि काढल्यावर खोल वळ उमटू नये, इतपत घट्ट. बसल्या जागी दुसऱ्या हाताची नाडी ३० सेकंद मोजा, दुप्पट करा, बँडशी ताडून बघा. मग दोन-तीन जिने भरभर चढा आणि थांबल्याबरोबर १५ सेकंद नाडी मोजून चौपट करा. पाच-सात ठोक्यांचा फरक चालतो. तुमची नाडी १३० आणि बँडवर अजून ९५, असं दोन-तीनदा झालं तर तो परत करा. बाटलीला बँड बांधून ठोके दिसतात का बघायची युक्ती खूप फिरते, पण तिच्यावर विसंबू नका. प्रकाश परत आला की चांगले बँडसुद्धा कधीकधी आकडा दाखवतात.

पावलांसाठी मनात मोजत २०० पावलं चाला. १९० ते २१० च्या मध्ये आकडा आला तर ठीक. त्यानंतर खडबडीत रस्त्यावर पाच किलोमीटर मोटारसायकल चालवा. आपल्याकडच्या रस्त्यांवर ही चाचणी फार कामाची आहे. हादऱ्यांनी शंभरेक पावलं वाढली तर समजून घ्या, हजार वाढली तर रोजच्या जाण्या-येण्यात दिवसाच्या कॅलरी फुगत राहतील. दुसऱ्या फोनवरून आपल्याला मराठीत एक व्हॉट्सॲप मेसेजही पाठवून बघा, बँडवर अक्षरांच्या जागी चौकोन दिसले तर सूचना वाचता येणार नाहीत.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे वजन काट्यावर करून भरणं. अंदाजे भरलेलं ६५ आणि खरं ७८ असेल, तर तिथेच जवळपास सहाव्या हिश्श्याची चूक झाली. बँड कुठल्या हातात आहे तेही सेटिंगमध्ये सांगा. ठोके मोजण्याचं अंतर बॅटरी वाचवण्यासाठी बऱ्याचदा १० किंवा ३० मिनिटांवर ठेवलेलं असतं, ते एका मिनिटावर आणा. आणि चालायला निघताना बँडवर 'वॉक' सुरू करा, आल्यावर बंद करा. ते सुरू असतानाच ठोके सलग मोजले जातात. फोनच्या बॅटरी सेव्हरमधून बँडचं ॲप वगळलं नाही, तर ॲप मागे बंद पडतं आणि नोंदी अर्धवट राहतात.

पावलाची लांबी भरायची सोय ॲपमध्ये असेल तर ती मोजून भरा. राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला किलोमीटरचे दगड असतात, मध्ये दर २०० मीटरला छोटे दगडही. पहाटे, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने एक किलोमीटर चाला आणि पावलं मोजा. १४०० पावलं झाली तर १००० ला १४०० ने भागून पाऊल ७१ सेंटिमीटरचं.

आता उन्हाचं. एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो. उष्णतेत शरीर थंड ठेवण्यासाठी हृदय जास्त ठोके मारतं, चालणं तेवढंच असलं तरी. बँडला वाटतं तुम्ही जास्त राबताय, आणि तो कॅलरी वाढवून दाखवतो. म्हणून जानेवारीतल्या आणि मे महिन्यातल्या आकड्यांची तुलना करू नका. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या आत फेरी उरका आणि वर दिलेला वजन-किलोमीटरचा हिशोब ताडायला ठेवा. बीटा-ब्लॉकर प्रकारची रक्तदाबाची गोळी चालू असेल तर उलटं होतं, ठोके वाढत नाहीत आणि बँड कमी कॅलरी दाखवतो.

चढाला मात्र हा हिशोब लागू नाही. संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीसारख्या चढावर दर १०० मीटर उंचीला ७० किलोच्या माणसाच्या ६० ते ७० कॅलरी जास्त जातात. स्वस्त बँडमध्ये उंची मोजायचा सेन्सर नसतो, त्यामुळे तिथे ठोक्यांवरच भरवसा ठेवावा लागतो. सायकलचंही तसंच. हात हँडलवर स्थिर, पावलं शून्य. सायकलिंगची नोंद वेगळी सुरू केली नाही तर दहा किलोमीटर हिशोबात येणारच नाहीत. खुरपणी, पाणी धरणं, डोक्यावर ओझं वाहणं ही कामं बँडला बहुतेक कळत नाहीत. रानातल्या कामाला 'फ्री ट्रेनिंग' किंवा तत्सम नोंद सुरू करा, म्हणजे निदान ठोके धरले जातील. सूर्यनमस्कारात तळवे टेकले की मनगट मागे वळतं आणि सेन्सर कातडीवरून उचलला जातो, तेव्हा बँड आणखी दोन बोटं वर सरकवा.

आईला किंवा आजीला बँड देणार असाल तर दोन गोष्टी आधी बघा. गोंदणाच्या शाईतून हिरवा प्रकाश नीट जात नाही, त्या जागी ठोके चुकतात किंवा दिसतच नाहीत. कोरी कातडी असेल तिथे किंवा दुसऱ्या हातावर बांधा. बांगड्या बँडवर आपटून तो हलवत राहतात, म्हणून बँड बांगड्यांच्या वर, कोपराकडे हवा.

लाइट जाण्याचा त्रास असलेल्या गावात आठवडाभर टिकणारी बॅटरी घ्या. काही पॉवर बँक बँडसारखी कमी वीज ओढणारी वस्तू लावली की आपोआप बंद होतात, तेव्हा पाच मिनिटांनी बघा चार्जिंग चालू आहे का. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बँड ठेवू नका, बॅटरी फुगते. घामाने पट्ट्याखाली पुरळ येतं, ते बहुतेक वेळा साबण आणि ओल अडकल्याने. रोज पट्टा साध्या पाण्याने धुवा, मनगट कोरडं करून मग बांधा, आणि पुरळ आलंच तर ते जाईपर्यंत दुसऱ्या हातावर घाला.