कॅराव्हॅनची संडासाची टाकी नीट रिकामी कशी करायची (मुंबईत राहणाऱ्यांसाठी)

मे महिन्यात तारकर्लीहून मुलुंडला परत आलो, गाडी सोसायटीत लावली, पाईप जोडला, टाकीचा व्हॉल्व्ह खेचला आणि आलं काय, तर तांब्याभर पाणी. बाकी सगळं आतच, कमोडच्या बरोब्बर खाली ढीग होऊन बसलेलं. आमचे नेहमीचे प्लंबर दादा आले, वरून टॉर्च मारून बघितलं आणि शर्टाची बाही कोपराच्या वर सारत म्हणाले, "ताई, हात घालून मोकळं करतो, दोन मिनिटांचं काम आहे." ती बाही बघूनच पोटात गलबललं माझ्या. म्हटलं नाही दादा, हात नाही घालायचा, कोणीच नाही. आपल्या घरचा मैला दुसऱ्याने हाताने काढायचा ही गोष्ट माझ्या गाडीपाशी होऊ द्यायची नाही, हे तेव्हाच ठरलं, आणि मग ही टाकी कशी वागते ते मी मन लावून शिकले. ते सगळं इथे लिहितेय, कारण २०२१ ला राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून ट्रॅव्हलर व्हॅनवर घर बांधून घेणारे ओळखीचे लोक वाढलेत, आणि बेड, सोलर, किचन यावर सगळे तासन्‌तास बोलतात पण टाकीचं कोणी बोलत नाही.

आधी आमची चूक सांगते. तारकर्लीला होमस्टेच्या मैल्याच्या चेंबरला पाईप लावला आणि व्हॉल्व्ह पाच दिवस उघडाच ठेवला, वाटलं घरातल्या संडाससारखं आपोआप जात राहील. तसं होत नाही. पाणी पटकन निघून जातं, घट्ट भाग मागे राहतो, सुकतो, त्यावर कागद बसतो आणि डोंगर तयार होतो. म्हणून व्हॉल्व्ह कायम बंद, टाकी निदान दोन तृतीयांश भरली की मगच उघडायचा, म्हणजे पाण्याच्या लोंढ्याबरोबर सगळं एकदम वाहून जातं. आणि प्रत्येक वेळी पाणी भरपूर ओता. गाडीत पाणी वाचवायची सवय लागते ती चांगलीच आहे, पण ती बेसिनला आणि आंघोळीला लावा, इथे नको. ओले वाइप्स, पॅड, कापूस तर अजिबात टाकायचं नाही, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, आणि टिश्यू वापरत असाल तर तो पाण्याच्या बाटलीत टाकून हलवून बघा, मिनिटभरात विरघळला तरच तो टाकीत जाऊ द्या.

आमचा डोंगर हाताशिवाय निघाला कसा? टाकी ९० लिटरची, व्हॉल्व्ह बंद करून त्यात बादलीने निम्म्याच्या वर कोमट पाणी भरलं (उकळतं नको, रबरी सील खराब होतात), भांडी घासायचं लिक्विड ओतलं, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी ट्रॅफिक व्हायच्या आत ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने घाटकोपरपर्यंत जाऊन परत आलो. स्पीडब्रेकर, खड्डे, सिग्नलचे ब्रेक, सगळे त्या दिवशी कामाला आले. परत येऊन व्हॉल्व्ह खेचला तर पाईप थरथरला आणि सगळं खळाळत गेलं. दादा शेजारी उभे राहून बघत होते.

आता नेमकं कुठे रिकामी करायची, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारं वेगळी आणि मैल्याच्या लाईन वेगळ्या. रस्त्याच्या कडेची जाळीवाली गटारं नाल्यात जातात, नाले मिठी नदीत नाहीतर थेट खाडी-समुद्रात, मध्ये कुठलीही प्रक्रिया नाही. तिथे टाकी सोडली म्हणजे समुद्रात सोडली असंच समजा. रस्त्यावरचं मॅनहोल तर आपण उघडायचंच नाही, २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टनपाशी उघड्या मॅनहोलमध्ये पडून एक डॉक्टर वाहून गेले, ते मुंबईत कोणी विसरलेलं नाही. मग राहतात तीन जागा. एक, आपल्या सोसायटीचं मैल्याचं इन्स्पेक्शन चेंबर, सेक्रेटरीला विचारून. दोन, ज्या रिसॉर्ट किंवा होमस्टेला उतरलात तिथली सेप्टिक टाकी किंवा एसटीपी (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा), मालकाला आधी स्पष्ट सांगून की अमुक लिटर सोडायचंय. तीन, पैसे देऊन मैला उपसणारी सक्शनची गाडी बोलवायची. सोसायटीत गल्ली ट्रॅप आणि चेंबर यात गल्लत करू नका, गल्ली ट्रॅपला आंघोळीचं आणि किचनचं पाणी येतं, तो लहान असतो, त्यात ९० लिटर मैला एकदम सोडला की सगळा आवारात पसरतो. संडासचा जाड पाईप इमारतीवरून खाली उतरून ज्या चेंबरला मिळतो ते आपलं. झाकण उघडल्यावर पाणी काठोकाठ उभं दिसलं तर मुकाट्याने बंद करा, लाईन तुंबलेली आहे, आणि जोराच्या पावसात हे काम काढूच नका. कोकणातही पावसाळ्यात शोषखड्डे भरलेले असतात, तेव्हा मालक हो म्हणाले तरी थोडं थोडं सोडा.

गॅसचं नीट ऐका. साचलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन निघतो. पहिल्याचा वास कुजक्या अंड्यासारखा येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, म्हणजे वास थांबला याचा अर्थ गॅस गेला असा मुळीच नाही. मिथेन पेट घेतो. म्हणून झाकण हुकने उघडायचं, पाच-दहा मिनिटं तसंच सोडून लांब थांबायचं, वारा पाठीवर येईल असं उभं राहायचं, वाकून डोकावायचं नाही, आसपास बिडी-सिगारेट नाही, लहान मुलं आणि कुत्री घरात. आणि झाकण उघडं टाकून फोन घ्यायलाही जायचं नाही. पाईप, टोपण, किल्ली, काहीही आत पडलं तर ते गेलं. चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टाकीत कोणालाही उतरवायचं नाही, तो माणूस कितीही म्हणाला की सवय आहे तरी. असं उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूंसाठी सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये भरपाई ३० लाख केली. पण माणूस परत येतो का?

सामान फार लागत नाही. कोपरापर्यंतचे जाड रबरी ग्लोव्ह्ज, डोळ्यांना चष्मा, गमबूट, आणि जुने कपडे. परदेशी कॅराव्हॅनचे ३ इंची फिटिंग आपल्या ७५ किंवा ११० मिलिमीटरच्या पीव्हीसीला सरळ बसत नाही, जबरदस्तीने बसवलं की ऐन वेळी निसटतं. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात माप घेऊन जा, रबरी कपलिंग आणि दोन क्लॅम्प मिळतात, आणि जमलं तर एक पारदर्शक तुकडा मध्ये लावा म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं.

आता क्रम. पाईपचं चेंबरकडचं टोक आधी आत सरकवून विटेने दाबून ठेवा, मग गाडीकडचं टोक. गाडीच्या टाकीच्या तोंडाचं टोपण काढताना खाली जुनी बादली हवीच, कारण व्हॉल्व्ह थोडा जरी गळत असला तरी टोपणामागे लिटरभर साठलेलं असतं आणि ते थेट पायावर येतं. पाईपला पोट येऊ देऊ नका, सलग उतार हवा. पहिल्यांदा मैल्याची टाकी, व्हॉल्व्ह एका दमात पूर्ण खेचायचा, हळूहळू उघडला की लोंढा मिळत नाही. आवाज थांबला की व्हॉल्व्ह बंद, कमोडमधून दोन-तीन बादल्या पाणी, थोडं थांबून परत उघडा, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत असं दोन-तीनदा. त्यानंतरच सांडपाण्याची (बेसिन-आंघोळीच्या पाण्याची) टाकी सोडा, तिच्यातलं साबणाचं पाणी पाईप धुऊन काढतं. सांडपाणी आधी सोडलंत तर ती सोय हातची गेली.

धुताना एक घोडचूक होऊ शकते, ती आपल्याकडेच जास्त. नळाला लावलेला पाईप टाकीत किंवा कमोडमध्ये बुडवून ठेवायचा नाही. आपल्याकडे पाणी ठराविक वेळेलाच येतं, मध्येच प्रेशर गेलं तर पाईप उलटा ओढतो आणि घाण पिण्याच्या लाईनमध्ये जाते, म्हणजे पूर्ण बिल्डिंगला गॅस्ट्रो. बादलीने ओता, किंवा पाईप वर हवेत वीतभर अंतर ठेवून धरा. धुण्याचा पाईप वेगळ्या रंगाचा घ्या आणि तो पिण्याच्या टाकीला कधीच लावू नका.

टाकीत टाकायच्या औषधांच्या बाबतीत, फॉर्मल्डिहाइडवालं केमिकल घेऊ नका, ते सेप्टिक टाकीतले जिवाणू मारतं, म्हणजे ज्यांनी आपल्याला जागा दिली त्यांचीच टाकी बिघडते. एन्झाइमवालं घ्या. ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लिनर एकत्र तर चुकूनही नको, क्लोरीन वायू होतो, आणि गाडीची ती खोली कपाटाएवढी असते.

झालं की चेंबरचं झाकण बसवून त्यावर उभं राहून बघा डुगडुगतंय का. पाईपची दोन्ही टोकं एकमेकांत अडकवून बंद करा म्हणजे डिकीत ठिबकणार नाही, घरी गेल्यावर उन्हात वाळवा. ग्लोव्ह्ज घातलेल्या हाताने दाराला, स्टिअरिंगला हात लावायचा नाही. ग्लोव्ह्ज काढल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, नुसतं सॅनिटायझर पुरत नाही. आणि गाडी हलवायच्या आधी व्हॉल्व्ह बंद आहे ना ते हाताने ओढून बघा, मग कमोडमधून दहा लिटर पाणी आणि औषध टाकीत जाऊ द्या, कोरड्या टाकीवर पहिलं कोणी बसता कामा नये.